तुझ्या वाटणीचे बांगडे

अक्का,

बुधवारी मी कारवारला जाऊन आले. एकटी. तुला जाऊन त्या दिवशी महिना झाला होता. पावसाच्या आधी सुकी मासळी भरून ठेवायचे दिवस संपत आले होते, म्हणून निघाले. जाताना बसच्या खिडकीला डोकं टेकून रडत होते. येताना डोळे कोरडे आणि दात आवळलेले. घरी आल्यावर सून म्हणाली, "आत्या, बस लागली काय?" म्हटलं, "बस न्हाई लागली. तुझी थोरली सासू लागली."

लीलाबायनं मला सगळं सांगितलं, अक्का. कारवारच्या बाजारात कोपऱ्यावर बसणारी, आपल्या आमसुलांच्या बदली खारे बांगडे देणारी लीलाबाय. तुझ्या पोटातली गाठ तिला दोन वर्षांपासून ठाऊक होती. एका मासळीवालीला. आणि मी, तुझी धाकटी जाऊ, त्रेचाळीस वर्षं एकाच अंगणात तुझ्या शेजारी भात कांडलेली, मला कधी कळलं? होळीनंतर तू अंथरूण धरलंस तेव्हा. तेही मला वाटलं, नुकतंच झालंय.

तेराव्याला मी काय केलं ते ऐक. अंगणात बायकांच्या मधोमध बसून मी सगळ्यांना सांगत होते, "अचानक झालं हो. तिला सोताला पत्ता नव्हता. असता तर मला सांगितल्याबिगर राहिली असती व्हय ती?" नंदिगड्ड्याहून आलेली तुझी मामेबहीण मान डोलवत होती. मी आणखी फुशारले. म्हटलं, "आमच्यात लपवालपवी न्हाई. तिच्या पोटातलं मला आधी कळायचं." पोटातलं म्हणाले बघ. तुझा महादेव ताकाची घागर घेऊन शेजारी उभा होता, तो खाली बघायला लागला. मला वाटलं, पोराला आई आठवली. आता कळतंय, त्याला माझी लाज वाटत होती.

न सांगण्याची शपथ तू महादेवाला घातली असशील, तो तुझा मुलगा, त्याचं मी समजू शकते. पण लीलाबाय?

मी या घरात आले तेव्हा किती शहाणी होते ते तुला आठवत असेल. एकोणीस वर्षांची, कॅसलरॉकची, बाप रेल्वेच्या रुळांवर कामाला. दारावरून गाडी जाते म्हणजे जग आपल्याला ठाऊक आहे अशी माझी समजूत. नाक एवढं वर की गुंद गावच्या या रानात पहिल्याच दिवशी मी विचारलं, "हितं गाडी किती वाजता असती?" तू चुलीपुढून म्हणालीस, "हितं येकच गाडी, बैलांची. तीबी बैलांच्या मनात आलं तर." मी रागानं जेवले नाही. मला कुणी जेव म्हणालंही नाही. मग संध्याकाळी आपली आपण जाऊन पेज प्याले. आज ती पोरगी मला भेटली तर मी तिचे कान धरीन, आणि मग पेज वाढीन.

या घरात बोलायची सोय नव्हती. सासूला आपण आत्या म्हणायचो, आणि आत्याचे कान म्हणजे नुसते कान नव्हते. मी स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात ठेवलं तर ती खालच्या शेतातून ओरडायची, "काय म्हणाली ती?" मी काहीच म्हणालेली नसायचे, पण मनात म्हटलेलं तिला बरोबर ऐकू जायचं. रानात आवाज लांब जातो आणि नजर जवळच अडते. दहा पावलांवर झाड, झाडापलीकडे झाड. मनातलं घेऊन कुठे जाणार? ते आपलं माघारी फिरून आपल्याच अंगावर यायचं.

त्या वर्षी मे महिन्यात आत्यानं तुला मासळी आणायला धाडलं आणि मी हट्ट करून बरोबर निघाले. बसमध्ये तुला सांगत होते, "आमच्या गावावरनं गाडी थेट गोव्याला जाती. समुद्र काय मला नवा न्हाई." अक्का, मी समुद्र बापजन्मी बघितला नव्हता. गाडी जाते म्हणजे आपणही गेलो, असा माझा हिशेब होता. तुला ते कळलं होतं. तू नुसतं "व्हय काय" म्हणालीस आणि खिडकीबाहेर बघत हसलीस.

मग ती लाट. चपला हातात धरून मी मोठ्या ऐटीत पाण्यात उभी राहिले. लाट आली ती बरी वाटली. परत जाताना तिनं टाचांखालची वाळू ओढली आणि मी किंचाळले, "अक्का, भुई चालली." तुझ्या लुगड्याचा घोळ दोन्ही हातांनी धरून ओल्या वाळूत बसकण मारली. तू एका हातानं लुगडं सावरत होतीस आणि हसून हसून तुला ठसका लागला होता. होड्या ओढणारे चार गडी काम थांबवून बघत उभे. कॅसलरॉकची अब्रू तिथेच वाहून गेली.

त्यानंतर तू मला सुरूच्या झाडांखाली कोरड्या वाळूत नेऊन बसवलंस. म्हणालीस, "पाण्याकडं बघ. माझ्याकडं बघू नको. आता बोल."

"काय बोलू?"

"घरात बोलता येत न्हाई ते."

"आत्याला कळलं म्हंजे?"

"ह्यो आवाज ऐकतीस न्हवं? ह्यात तुझी हाक शेजारच्याला जायची न्हाई. बोल. येकच ध्यानात धर. हितं बोललेलं घाट चढून वर न्यायचं न्हाई. मी काय इचारणार न्हाई, तूबी मला काय इचारायचं न्हाई. येकीनं बोलायचं, दुसरीनं हूं म्हणायचं."

मी बोलायला लागले आणि थांबेचना. काय काय बोलले असेन. आत्या मला आमटीत मीठ टाकू देत नाही. नवरा महिनाभरात माझ्याशी अकरा शब्द बोलला, मी मोजलेत, त्यातले चार "पाणी आण" आणि "दिवा लाव" यातच गेले. मला गाडीचा आवाज ऐकावासा वाटतो. तू समोर बघत हूं, हूं करत होतीस. डोळे पुसायला मान वर केली की समोर पाणीच पाणी, नजर जी निघाली ती कुठे आपटलीच नाही. छातीवर गवताचा भारा होता तो कुणी उतरून घेतला असं वाटलं. खांदे खाली आले. ते इतके दिवस कानांपाशी चढून बसले होते हे मला तेव्हा कळलं.

मग तुझी पाळी. महादेवाच्या आधी तुला मुलगी झाली होती आणि ती सातव्या दिवशी गेली, हे तू पाण्याकडे बघत सांगितलंस. घरात कुणी कधी तिचं नाव काढलं नव्हतं, कारण नाव ठेवायलाच सापडली नव्हती. मी हूं म्हटलं. नियमच होता.

आणि नंतरचं बाटलीचं? ते तर मी माझ्या नातवंडांनाही सांगत नाही. मला वाटलं, एवढा आराम वर्षातून एकदाच कशाला? तेल न्यायला आणलेली रिकामी बाटली घासून तिच्यात समुद्राचं पाणी भरलं आणि घरी आणून भाताच्या कणगीमागे लपवली. मन जड झालं की दोन थेंब तोंडावर शिंपडायचे असा बेत. पंधरा दिवसांत ती आत्याला सापडली. आत्याला वाटलं, भाताची पेज, कुणीतरी विसरलंय. वाया कशाला घालवा म्हणून तिनं ती नव्या सुपारीच्या रोपाला ओतली. रोप करपलं. मग चौकशी. मी खांबाला धरून उभी. तू पुढे झालीस आणि म्हणालीस, "मीच आणलं व्हतं. बैलाच्या खुराला लावायला." आत्या तुला महिनाभर बोलत होती. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, की बघ तुझ्यासाठी काय केलं.

त्या दिवसापासून मी तुझी झाले, अक्का. नवऱ्याची व्हायला मला आणखी सहा वर्षं लागली.

तेव्हापासून दर वर्षी मे महिन्यात आपण दोघी. आमसुलं आणि कंद पिशवीत बांधायचे, पहाटेची बस धरायची, अणशीचा घाट उतरायचा. आधी समुद्र, मग मासळी, कारण मासळी घेऊन बसलं की कावळे बसू देत नाहीत. आत्या गेली, चुली वेगळ्या झाल्या, आपल्या सुना आल्या, केस पांढरे झाले, बायकांना बस फुकट झाली, कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून द्यायला लागला. आपला नियम बदलला नाही. वर्षभर मला काही झालं की मी दात आवळून म्हणायची, मे महिन्यात बघू. सुनेशी भांडण झालं, मे महिन्यात बघू. गव्यांनी उभं भात तुडवलं, मे महिन्यात बघू. आणि खरंच मे महिन्यात ते सगळं त्या वाळूत ठेवून येत होते.

आपलं एकच भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. परतीच्या बसमध्ये ते सुरू व्हायचं. मी म्हणायची, हे सगळं समुद्र करतो. तू म्हणायचीस, समुद्र काय करत नाही.

"मग हलकं का वाटतं?" मी.

"तू बोललीस म्हणून."

"मग घरी फणसाखाली बसून बोलते. हलकं वाटंल?"

"वाटंल की. ऐकणारं माणूस पायजे."

"मग माणूस घरीबी हाय. तू हायस की. घरी का न्हाई होत?"

"घरी तुला माझ्याकडं बघून बोलावं लागतं."

"म्हंजे समुद्र बघायला पायजेच की. झालं, मीच जिंकले."

तू पदर तोंडावर घेऊन झोपल्याचं सोंग करायचीस. हरायला लागलीस की तू नेहमी झोपायचीस. यंदा तर कायमचीच झोपलीस, आणि आता तुझ्या बाजूचं उत्तर मला कळलंय. ते मी शेवटी सांगते, कारण तेच मला जास्त लागलंय.

दोन वर्षांपूर्वी तू महादेवाबरोबर बेळगावला गेलीस. डोळे दाखवायला, म्हणालीस. परत आलीस ती चष्म्याशिवाय. मी विचारलं तर म्हणालीस, "डाक्टर म्हणाला, डोळं बरं हायत." मी हसले, "मग सुई ओवायला मला का हाका मारतीस गं म्हातारे?" तूही हसलीस. त्याच मे महिन्यात सुरूंखाली बसल्यावर तू म्हणालीस, "यंदा मला काय बोलायचं न्हाई. सगळं बरं हाय. माझी पाळीबी तूच घे."

आणि मी घेतली, अक्का. बिनलाजी दोन पाळ्या बोलले. सून मोबाइल बघत भाकरी करते आणि भाकरीला मोबाइलसारखे कोपरे येतात, हे बोलले. माझा गुडघा, माकडं, नवऱ्याचं घोरणं. महिन्याला अकरा शब्द बोलणारा माणूस झोपेत एवढा आवाज कुठून आणतो, ते बोलले. तू हूं, हूं करत होतीस. मध्येच उठलीस. "तू वाऱ्याला बस. मासळी मी बांधून आणती." मी बसले. तू येईना. तुझ्या वाटणीचे शेंगदाणेही मी खाऊन टाकले आणि वर मनात म्हटलं, एवढ्याशा सुकटीसाठी ही बया किती घासाघीस करते. तू आलीस तेव्हा डोळे लाल होते. म्हणालीस, "मासळीचं मीठ गेलं डोळ्यात." मी मानलं.

गेल्या वर्षी पुन्हा तेच. तेच "सगळं बरं हाय", तेच मीठ. मी पुन्हा मानलं. एकोणीस वर्षांची होते तेव्हा भुई चालली म्हणून ओरडले होते. बासष्टाव्या वर्षी खरोखर चालली होती, तेव्हा मी शेंगदाणे खात होते.

आता बुधवारचं. कंडक्टरनं दोन तिकिटं फाडायला हात उचलला आणि थांबला. "ओब्बरेना अज्जी?" एकटीच काय, म्हणून. मी बोट वर केलं, एक. त्यानं एकच तिकीट फाडलं. घाटात मी तुझ्या जागेवर पिशवी ठेवली होती. कुणी बसायला आलं की म्हणत होते, माणूस हाय.

समुद्रावर एकटीनं जायचा धीर होईना, म्हणून यंदा आधी बाजारात गेले. लीलाबायनं मला बघितलं आणि माझ्या मागे बघितलं.

"एकटीच? थोरली खंय?"

मी सांगितलं. तिनं हातातला बांगडा खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "शेवटाक गेलीच मगे. दोन वर्सां सोंसलें गे तिणें."

दोन वर्षं. माझ्या डोक्यात काहीतरी खटकन वाजलं. मी तोंडावर काही येऊ दिलं नाही. एवढं तर मी आत्याकडून शिकलेय.

लीलाबायनं माझ्याकडे नीट बघितलं. "तुका खबर आसली न्ही?"

"व्हती की," मी म्हटलं. "मला नसंल तर कुणाला असंल?"

खोटं बोलले. एका मासळीवालीपुढे माझी अब्रू राहावी म्हणून. पण त्यामुळे ती मोकळी झाली आणि तिनं सगळं सांगितलं. तू बेळगावहून आलीस त्या मे महिन्यात तिच्या फळीवर बसून रडलीस. डॉक्टरांनी कापायचं म्हटलं, तू नको म्हणालीस. तुला मरणाची भीती वाटत नव्हती, पण दुखण्याची वाटत होती. तुझ्या त्या सात दिवसांच्या मुलीला आता भेटशील काय, असं तू लीलाबायला विचारलंस. लीलाबायनं तुला चहा पाजला. तिनं तुझी पाठ चोळली. हे सगळं चाललं होतं तेव्हा मी पाच मिनिटांच्या वाटेवर, वाऱ्याला.

"म्हणटाली, शेवंतीक सांगूं नाका," लीलाबाय म्हणाली. "वर्साक एक दीस ती बापडी दर्यार हलकी जावंक येता. तिका जड करून वयर कित्याक धाडूं?"

मी वर्षातून एक दिवस हलकी व्हायला येते, मला जड करून वर कशाला धाडू, असं म्हणालीस तू. मी काय केलं असेल, अक्का? मी हूं म्हटलं. ती बोलत राहिली आणि मी बांगड्यांकडे बघत हूं, हूं करत राहिले. तुझा नियम मी तुझ्या लीलाबायपुढे पाळला.

उठताना तिनं सवयीनं दोन पुड्या बांधल्या. एक तुझ्या घरची, एक माझ्या. मी दोन्ही पिशवीत टाकल्या.

बापडी म्हणालीस मला. मी बापडी? आत्याच्या शेवटच्या तीन वर्षांत तिची कूस बदलायला तू एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला कोण होतं? गवा अंगणात शिरला तेव्हा तू माळ्यावर चढलीस आणि सूप बडवत पुढे कोण गेलं? तुझ्या शेवटच्या महिन्यात तुला न्हाऊ कुणी घातलं? तेव्हाही सांगितलं नाहीस. मी तुझी पाठ धूत होते आणि म्हणत होते, "आधी कळलं असतं तर लवकर दाखवलं असतं गं." तू डोळे मिटून घेतलेस. हरायला लागलीस की झोपायचं, तेच.

मला काय वाटलं असतं ते तू ठरवलंस. मला विचारलं नाहीस. दोन वर्षं मी तुझ्याबरोबर रडले असते, भांडले असते, कापून घे म्हणून पाय धरले असते. तू ऐकलं नसतंस ते मला ठाऊक आहे. पण ती दोन वर्षं माझी होती, अक्का. तू ती परस्पर उचललीस आणि वर म्हणालीस, शेवंतीला हलकं राहू दे.

आणि मी हलकी राहिले, यालाच तर काय म्हणावं. दोन्ही वर्षी परतीच्या बसमध्ये तुझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपले होते. गेल्या वर्षी तर जोयड्यापर्यंत. तू हलली नाहीस. तेव्हा तुला किती दुखत असेल ते मला आता रोज आठवतं आणि मला कळत नाही की तुझे पाय धरू की तुझी वेणी ओढू.

बाजारातून मी समुद्रावर गेले. सुरूंखाली आपली जागा रिकामी होती. बसले. पुड्यांच्या वासानं दोन कावळे आले, त्यांना वाळू फेकून मारली. वारा तसाच होता, आवाज तसाच. खांदे आपोआप खाली यायला लागले. शरीर मोठं लबाड असतं बघ. मन पेटलेलं होतं आणि खांद्यांना मात्र सवयीनं बरं वाटायला लागलं. मग मला तुझं म्हणणं आठवलं. समुद्र काय करत नाही, ऐकणारं माणूस पायजे. तू तसंच मानत होतीस. म्हणजे तुला जेव्हा खरंच जड झालं तेव्हा तू समुद्राकडे पाठ केलीस आणि माणूस शोधायला गेलीस. माणूस तर तुझ्या शेजारी बसलेला होता. पण तू तो सोडून दुसरा निवडलास. माझं हूं तुला पुरेसं वाटलं नाही.

आणि खरं सांगू? इथे घरात बसून लिहिताना सांगते, तिथे सांगितलं नाही. पहिल्या वर्षी तू मुलीचं सांगत होतीस तेव्हा मी हूं म्हटलं खरं, पण माझं लक्ष पिशवीतल्या त्या रिकाम्या बाटलीकडे होतं. पाणी भरल्यावर तिचं बूच घट्ट बसेल की नाही, ते बघत होते. तुला तेव्हाच कळलं असेल. तुला माझं सगळं कळायचं. मग त्रेचाळीस वर्षं तू मला बोलू दिलंस आणि स्वतः थोडं थोडं कमी बोलत गेलीस, आणि मी ते मोजलंच नाही. नवऱ्याचे अकरा शब्द मोजणारी मी.

ते असो. त्यामुळे तुझी चूक कमी होत नाही.

बोलायला म्हणून मी तोंड उघडलं. तुझीच तक्रार करायची होती. पण तिथे बोललेलं घाट चढून वर जात नाही. बोलले असते तर अणशी येईपर्यंत माझा राग उतरला असता, पुढे नेहमीसारखी झोप लागली असती आणि मी हलकी होऊन घरी आले असते. तुझ्यापासून हलकी. मग माझ्याकडे राहिलं काय असतं? तुझं लुगडं तुझ्या सुनेनं ठेवलंय, पितळेचा डबा महादेवाच्या देव्हाऱ्यात गेला. माझ्या वाट्याला आलेला हा राग आहे, तोही मी पाण्यात टाकू?

तोंड मिटलं. पाय धुतले नाहीत. वाळूसकट उठले.

शिवाय तू अजून तिथे पोचलेली नसशील. तुझ्या अस्थी गोकर्णला न्या असं मी म्हणत होते. तूच म्हणून ठेवलं होतंस, काळी नदीत सोडा, ती जातीच समुद्राला. महादेवानं नदीत सोडल्या तेव्हा मला काठावर हसू आलं, सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाटेत धरणं किती आहेत याचा तू विचार केला नव्हतास, अक्का. आयुष्यभर बस सुटायच्या अर्धा तास आधी फाट्यावर येऊन बसणारी तू, आता कुठल्या तरी धरणाच्या भिंतीपाशी दार उघडायची वाट बघत थांबली असशील. पहिल्यांदाच मी तुझ्याआधी समुद्रावर पोचले. तुझ्या पाठीमागे तुझी तक्रार करणं मला बरं दिसेना. तू ये. मग तुझ्यासमोर बोलीन, पाण्याकडे न बघता, तुझ्याकडे बघून. आणि त्या वेळी मी विचारणार आहे. तुझा तो नियम मी मोडला.

घरी आल्यावर तुझी सून अंगणातून म्हणाली, "धाकट्या आत्या, आमची पुडी?"

"यंदा येकच मिळाली," मी म्हटलं.

दुसरी माझ्या शिंक्यात आहे. तुझ्या वाटणीचे बांगडे. पावसानं नदी फुगली की एकेक भाजून खाणार आहे, सोलाच्या कढीबरोबर, तुझ्या आवडीच्या. वास तुझ्या घरापर्यंत जाईल. महादेव ओळखेल, पण बोलायचा नाही. गप्प बसायची सवय तूच त्याला लावलीस.

राग आला तर ये आणि माग.